न दिसलेली चूक

गेल्या वैशाखात धामणगाव रेल्वे येथे एका परिचित कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. उन्हे कलल्यावर अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या होत्या. स्टेशनावरून मालगाडी जाऊ लागली की तिचा आवाज विरेपर्यंत बोलणे थांबवावे लागे. त्या घरचा धाकटा मुलगा पुण्यात संगणक अभियंता आहे. तो सुटीवर आला होता, पण सुटीचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. घरची मंडळी आत गेल्यावर तो म्हणाला, "फादर, एक विचारू? जी चूक कुणाला दिसली नाही आणि जी आता दुरुस्तही झाली, ती चूक उरते का?"

प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात विचारलेला नव्हता, आणि पुढील हकीकत आम्ही त्याच्या संमतीनेच लिहीत आहोत.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. यंत्राची मेमरी हे एक लांबच लांब शिवार मानले, तर कर्नेल हा त्या शिवाराचा तलाठी होय. जो कार्यक्रम जागा मागेल त्याला ती मोजून द्यावयाची, काम संपले की परत घ्यावयाची आणि दुसऱ्यास द्यावयाची, हे त्याचे काम. येथे दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला, मिळालेल्या हद्दीपलीकडे हात घालणे. वऱ्हाडातील वाचकांस हे सांगावयास नको. दरसाल एकेक तास पुढे सरकवून शेजाऱ्याचा धुरा कोरणारे महाभाग कोणत्या गावी नसतात? दुसरा, मक्त्याची मुदत संपल्यावरही त्याच शेतात वखर घालणे, म्हणजे परत केलेली जागा वापरीत राहणे. सामान्य कार्यक्रमाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले, तर कर्नेल त्याला थांबवितो. परंतु कर्नेलचाच पाय घसरला तर? त्याच्या वर कोणीच नाही.

या तरुणाने तीन वर्षांपूर्वी कर्नेलचा एक लहानसा भाग लिहिला होता. त्यात ६० बाइट जागा मागितली जाई, आणि एका ओळीच्या चुकीमुळे लिहिले जात ६४. कर्नेल जागा ठरावीक मापांतच देतो. ६० मागितल्यास ६४ चे माप मिळते. उरलेले चार बाइट कुणाचेच नसतात. चूक त्या पडीक पट्ट्यावर पडत राहिली. तीन वर्षे कुणाचे काही बिघडले नाही.

पुढे तेच काम एका नव्या धाटणीच्या यंत्रावर न्यावयाचे ठरले. जुने यंत्र ३२ बिटांचे होते. नवे रिस्क-फाइव्ह जातीचे, ६४ बिटांचे. येथे मेमरीतील एक पत्ता नोंदविण्यास चाराऐवजी आठ बाइट लागतात. मागणी नेमकी ६४ ची झाली आणि लिखाण ६८ चे. पडीक पट्टा उरला नाही. शेजारच्या नोंदीतील चार बाइट पुसले जाऊ लागले. यंत्र त्या क्षणी थांबले नाही. ते तासाभराने थांबले, ती बिघडलेली नोंद वाचणाऱ्या भागात. तो भाग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने लिहिलेला होता. ज्याच्या शेतात मेलेले ढोर सापडले, त्याच्यावर आळ आला. त्या गृहस्थांना त्या कामावरून दूर करण्यात आले.

हा प्रकार एखाद्या कचेरीपुरता आहे असे कुणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडील काही विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कारण एवढेच की, कर्नेलच्या अंतर्भागात चालणाऱ्या त्या कार्यक्रमास २० मूल्ये पुरविली जात होती, आणि त्याने एकविसावे वाचावयास हात पुढे केला. हा दोष फेब्रुवारीपासून त्यात होता. तोवर एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशीच खूण असल्याने ते वाचण्याची वेळच आली नव्हती. चाचण्या झाल्या होत्या, आणि दोष त्या चाचण्यांतून निर्धास्त पार झाला होता.

अनोळखी यंत्र नवी चूक निर्माण करीत नाही. जुन्या चुकीचे पांघरूण तेवढे काढते. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम घडविणारी मंडळी निरनिराळ्या जातींच्या प्रोसेसरांवर ती चालवीत राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

वऱ्हाडाचाही अशा अनोळखी यंत्रांशी एक धागा आहे. धामणगावहून मुंबईकडे जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपांवर चालत असे. या चिपेत एका कामाची मेमरी दुसऱ्यापासून राखणारे कुंपणच नव्हते. तिच्यासाठी घडविलेल्या भाषेचे नाव ऑकम, आणि ते चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याच्यावरून ठेवलेले. अनावश्यक पसारा मांडू नये असे सांगणाऱ्या त्या संन्याशाला साजेशीच ती भाषा होती. दोन कामांनी एकच जागा वाटून घेण्यास तीत मुभा नव्हती. जे द्यावयाचे ते ठरलेल्या मार्गाने निरोप म्हणून द्यावे. बाहेर कुंपण नव्हते, म्हणून शिस्त भाषेत घातली होती. मात्र सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या कार्यक्रमांना ती शिस्त बांधून ठेवू शकत नसे.

लिनक्सचे कर्नेल प्रामुख्याने सी भाषेत आहे. त्याला बाहेरचे कुंपण नाही आणि भाषेची शिस्तही नाही. २०२२ साली त्यात रस्ट या अधिक कडक भाषेस प्रवेश मिळाला, तरी जुने लिखाण जुनेच आहे. मग उपाय काय? २०१५ मध्ये लिनक्समध्ये केसॅन नावाची व्यवस्था आली. तिची कल्पना आम्हांस विलक्षण वाटली. मेमरीच्या दर आठ बाइटमागे एक बाइट वेगळा काढून त्याची 'छाया' ठेवावयाची. आठही बाइट वापरण्यास मोकळे असतील तर छायेत शून्य. पहिले चारच मोकळे असतील तर चार. निषिद्ध असतील तर निषेधाची खूण. प्रत्येक वाचनापूर्वी व लेखनापूर्वी कर्नेलने प्रथम छायेत पाहावे, मग हात घालावा. दिलेल्या जागांभोवती निषिद्ध पट्टे राखावेत, आणि परत आलेली जागा लगेच दुसऱ्यास न देता काही काळ बाजूस ठेवावी, म्हणजे जुना मक्तेदार तेथे शिरल्यास सापडेल. चूक सापडताच ती कोणत्या ओळीत झाली, जागा कुणी मागितली होती, हे सारे लिहून निघते.

त्या ६० बाइटांच्या छायेत सात शून्ये आणि एक चार असता. म्हणजे छाया चालू असती, तर जुन्याच यंत्रावर, पहिल्याच दिवशी चूक उघड झाली असती. ती चालू नव्हती, कारण तिची किंमत द्यावी लागते: मेमरीचा आठवा हिस्सा जातो आणि वेगही बराच मंदावतो.

नव्या यंत्रावर ही व्यवस्था बसविण्यास तरुणाला काही आठवडे लागले. छायेसाठी पत्त्यांच्या नकाशात जागा शोधावी लागते. यंत्र सुरू होताना प्रथम सगळीकडे शून्याचीच छाया पसरतात, म्हणजे सर्व काही क्षम्य. खरी छाया मागाहून येते. आणि ज्या ओळी ही छाया उभारतात, त्यांच्यावर छायेची नजर नसते. अखेर एका रात्री अहवाल निघाला. त्यात त्याच्या स्वतःच्या ओळीचा निर्देश होता. त्याने ती दुरुस्त केली आणि कुणास काही सांगितले नाही.

आता त्याचा प्रश्न. तीन वर्षे जी चूक निरुपद्रवी होती, ती चूक होती का? आमचे उत्तर, होती. दोष हद्द ओलांडण्यात होता. पलीकडे पडीक जमीन निघाली हे नशीब. पण दोष असणे आणि दोषी असणे यांत अंतर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले: प्रयत्नाने दूर करता येणारे आणि न येणारे. ज्याला कळण्याचा मार्गच नव्हता, त्याला बोल लावता येत नाही. मात्र शोधाचे साधन हाताशी आले की अज्ञानाची जात पालटते. छाया उपलब्ध असताना ती बंद ठेवणे हा निर्णय असतो, आणि निर्णयाचा जाब द्यावा लागतो. आठवा हिस्सा महाग वाटला, हे उत्तर त्या ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर उभे राहून देता येईल का?

आणि अहवाल वाचल्यानंतर तर अज्ञान कोणत्याच प्रकारचे उरले नाही. यंत्रातील चूक त्या रात्री मिटली. माणसावरचा आळ मिटला नाही. आम्ही त्याला एवढेच विचारले, "त्या गृहस्थांचे काय?" तो बराच वेळ मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "तोच प्रश्न विचारायचा होता, फादर. शब्द फिरवून विचारला."

पावसाळ्यात त्याचा फोन आला. त्याने प्रथम त्या सहकाऱ्याला गाठले, नंतर वरिष्ठांस लेखी कळविले. सहकाऱ्याने तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती. त्यांचे नाव निर्दोष झाले, पण गेलेले काम परत मिळाले नाही. तरुणाची बढती लांबली. भरपाई पुरती झाली असे आम्ही म्हणणार नाही.

वाचकहो, यंत्रांचा हा विषय आमचा नव्हे. तरी त्या रात्री बाजेवर पडल्या पडल्या आम्हांस झोप लागेना. घरातील कर्ता, संस्थेचा प्रमुख, धर्मग्रामाचा धर्मगुरू, यांना रोज टोकणारे वर कोणी नसते. आम्हांस या जागी बरीच वर्षे झाली. आमच्या हातून ज्या हद्दी ओलांडल्या गेल्या, त्यांतील किती पडीक पट्ट्यावर पडल्या आणि कितींचा आळ दुसऱ्याने वाहिला, हे आम्हांस सांगता येत नाही, कारण आम्ही छाया ठेवली नव्हती. ज्याच्यावर कोणी नाही, त्याने आपल्या वेळेचा व अधिकाराचा आठवा हिस्सा स्वतःवर नजर ठेवण्यास बाजूस काढावा, आणि ती नजर जिथे पोहोचत नाही, तिथे दुसऱ्या माणसाला बोलू द्यावे.