विकलेली जमीन

आमचं मोहने उल्हास नदीच्या काठाला. कल्याणहून कसाऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की शहाड, मग आंबिवली, आणि आंबिवलीला उतरून चालत गाव. मी पोरगा होतो तेव्हा परका माणूस विचारायचा, "एनआरसीचं मोहने का?" नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना इथला. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा तिथं निघायचा आणि गावातली बरीच माणसं तिथं पाळीला जायची. आमच्या घरातलं कोणी जात नव्हतं. आम्ही भाताचे. पावसाळ्यात भात, ते निघालं की त्याच ओलीवर वाल.

1977 साली मी दहावी पास झालो. दहावीची बोर्डाची परीक्षा तेव्हा नवीनच होती, 1975 ला पहिली बॅच बाहेर पडलेली. त्याआधी अकरावीला मॅट्रिक व्हायची. गावातले म्हातारे म्हणायचे, "अकरावी नाय तं मॅट्रिक कसला?" एक वर्ष मी बापाबरोबर शेतात काढलं. 1978 च्या जूनमध्ये पोस्टमनने पत्र आणलं. शिकाऊ उमेदवार, फिटर, मुलाखतीला हजर राहावे. हा कारखाना मोहन्यातला नव्हता, गाडीने जायचा होता. त्याचं नाव मी इथं घालत नाही. गोष्ट त्यांची नाही, माझी आहे.

मुलाखत हा शब्द तोपर्यंत मी फक्त वाचलेला. आमच्या शेजारी एक काका होते, कारखान्यात वीस वर्षं काढलेले. त्यांनी मला तयार करायचं मनावर घेतलं. संध्याकाळी आमच्या गोठ्यात घमेलं पालथं घालून ते साहेब होऊन बसायचे. मी गोठ्याच्या बाहेरून विचारायचं, "मे आय कम इन सर?" पहिल्या दिवशी मी हे म्हटलं आणि आमची म्हैस हंबरली. काका म्हणाले, "हिनं परवानगी दिली, ये." पण पुढं ते हसण्यावारी नेत नव्हते. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजता येतं. कानशी किती प्रकारच्या, चपटी, अर्धगोल, गोल, त्रिकोणी. खुर्चीवर कसं बसायचं, हात कुठं ठेवायचे. दाखल्यांच्या नकला मुख्याध्यापकांकडून सही-शिक्का करून घेतल्या. बूट चुलतभावाचे. मोठे होत होते, म्हणून पुढं कागदाचे बोळे कोंबले. विजार आयने दोनदा गादीखाली घालून दाबली.

शेवटच्या संध्याकाळी काकांनी विचारलं, "शेती किती?"

मी म्हटलं, "दीड एकर."

"चुकलं. शेती नाय. होती, इकली."

मी गप्प राहिलो. तेव्हा त्यांनी समजावलं. गावची पोरं कामाला लागतात आणि आषाढात लावणीला पळतात. चार दिवस सांगून दहा दिवस येत नाहीत. साहेबलोकांना ते ठाऊक झालंय, म्हणून ते मुद्दाम शेतीचं विचारतात. "त्यो तुला कामाचं इचारत नाय, अडवायला इचारतोय. अडवणाऱ्याला खरं सांगायचं आपलं काय देणं लागतंय?"

हे वाक्य मी आजवर पुष्कळदा उलटसुलट करून बघितलंय. तेव्हा मात्र पाठ केलं. 25.4 पाठ केलं तसंच.

मुलाखतीला बाहेर बाकावर आम्ही सात-आठ पोरं. माझ्या शेजारी टिटवाळ्याच्या पलीकडचा एक होता, चप्पल घालून आलेला. तो माझ्या आधी आत गेला आणि लगेच बाहेर आला. मी विचारलं, काय विचारलं रे? म्हणाला, "शेताचं इचारलं. मी बोललो हाय, लावणीला चार दिवस सुट्टी लागंल." त्याला असं वाटत होतं की मुलाखत चांगली झाली. त्याला कोणी काका नव्हता.

आत तीन साहेब. इंचाचं विचारलं, कानशीचं विचारलं, सांगितलं. मग मधल्या साहेबाने शेतीचं विचारलं. मी म्हटलं, "नाही सर. होती, विकली." तो म्हणाला, "हात दाखव." मी तळवे पुढं केले. महिनाभर बांध घातले होते, घट्टे होते, नखांच्या कडेला माती बसलेली. ती धुऊन जात नाही, ज्यांनी शेती केली त्यांना माहीत आहे. "हे कसले?" मी म्हटलं, "घरी लाकडं फोडतो सर." तो माझ्याकडं बघत राहिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

माझी निवड झाली. चपलवाल्या पोराची झाली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मीसुद्धा विसरलो असतो. पण शिकाऊ उमेदवारांचा 1961 चा कायदा आहे, त्यात करार करावा लागतो, आणि पोरगा अज्ञान असला तर पालकाने सही करायची. मला अठरा पुरी व्हायला काही महिने बाकी होते. पत्र आलं, वडिलांना घेऊन या. ते आलं तेव्हा आषाढ लागलेला. घरात सगळ्यांचे हात लावणीत. आवण उपटून मुठी बांधून पडलेल्या, चिखलणी झालेली. अशा दिवशी बापूस अर्धा दिवस मोडून माझ्याबरोबर आला. नदीवर पाय धुतले, सदरा घातला, खांद्यावर टॉवेल. पण गुडघ्याखाली चिखलाचा रंग राहिलेलाच. मी मुलाखतीत काय बोललो ते मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडस झालं नाही, आणि मनात असंही होतं की तिथं फक्त अंगठाच द्यायचाय.

टेबलाशी तोच साहेब. त्याने बापाकडं बघितलं, पायांकडं बघितलं, मग माझा कागद काढला. "मुलगा म्हणाला होता जमीन विकली. खरं का?"

बापूस माझ्याकडं वळला. किती वेळ बघत होता सांगता येत नाही. मी खाली फरशीकडं बघत होतो. मग ऐकू आलं, "हो सायेब. इकली."

साहेबाने शाईचं पॅड पुढं सरकवलं. बापाने डावा अंगठा दिला.

आंबिवलीपर्यंत तो काही बोलला नाही. स्टेशनातून बाहेर पडल्यावर म्हणाला, "इकली बोललास तं कितीला इकली ते पन सांगून ठेवायचंस. इचारलं असतं तं मी काय बोललो असतो?" आणि घरी न जाता तसाच शेताकडं वळला, सदरा काढून बांधावर ठेवला आणि लावणीच्या ओळीत शिरला. मीही बूट हातात घेऊन मागं.

हरिनाम सप्ताहात कीर्तनकार धर्मराजाची गोष्ट सांगतात. अश्वत्थामा मेला म्हणून तो अर्धवट बोलला आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. ऐकताना मला नेहमी वाटतं, धर्मराज राज्यासाठी बोलला आणि रथही त्याचाच टेकला. हिशेब सरळ आहे. माझ्या बाबतीत बोललो मी आणि टेकला दुसराच. माझा बाप व्यवहारात इतका सरळ की भाताचं माप वाढून द्यायचा. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं ते एकच, आणि तेही जमिनीबद्दल. त्याच्या मनात काय झालं असेल ते मला बाप झाल्यावर थोडं कळलं.

काकांचं म्हणणं चूक होतं असंही मला म्हणवत नाही. खाटकाने विचारलं की गाय कुठल्या वाटेनं गेली, तर उलटी वाट दाखवावी, हे आपल्याकडं लहान पोरालाही शिकवतात. पण तिथं खोट्याने गाय वाचते. मी कोणाला वाचवत होतो? स्वतःलाच. आणि त्या बाकावरचा चपलवाला पोरगा मोकळ्या हाताने गेला. माझ्या जागी त्याला घेतलं असतं की नाही हे मला कळायला मार्ग नाही. त्याला त्या वेळी काय उत्तर द्यायचं हे मी सांगू शकलो असतो, मला येत होतं. मी सांगितलं नाही.

साहेबाचाही राग धरवत नाही. माणूस न आला की मशीन उभं राहतं, त्याचा प्रश्न खोटा नव्हता. घट्टे बघून त्याला कळलं होतं, बापाचे पाय बघून तर कळलंच होतं. तरी त्याने का घेतलं? कदाचित त्याला जमीन आहे की नाही हे जाणून घ्यायचं नसेलच. हा पोरगा लावणीला पळणार नाही एवढं त्याला कोणाच्या तरी तोंडून हवं असेल. तसं असेल तर मी शब्द पाळला. तीन वर्षांत लावणीची एकही रजा घेतली नाही. पाळी सुटली की शेतात, रविवारी शेतात. बापाने माझ्या जागी मजूर लावले, त्यांची मजुरी माझ्या विद्यावेतनातून गेली.

तीन वर्षं झाल्यावर नोकरी मिळाली नाही. तक्रार नाही, तेव्हा कायद्यातच होतं की शिकवून झाल्यावर ठेवून घेणं मालकावर बंधनकारक नाही आणि राहणं पोरावरही नाही. मी परत शेतात आलो तो आजपर्यंत. मोहन्याचा कारखानाही 2009 ला बंद पडला. तिथं जन्म काढलेले बरेच जण मग दुसरी कामं शोधत फिरले.

आता लावणीला मजूर मीच नाक्यावरून आणतो, मुरबाडकडचे. गाडीत बसवण्याआधी विचारतो, "उद्याही येशील ना?" तो म्हणतो, "येईन की." मला ठाऊक असतं, त्याच्या घरी त्याचीही लावणी आहे. त्यालाही ठाऊक असतं की मला ठाऊक आहे. मी बसवतो.

गेल्या वर्षी पुतण्याचा मुलगा आयटीआय करून शिकाऊच्या मुलाखतीला निघाला. फिटरच. मोबाइलवर बघून उत्तरं घोकत होता. "तुमच्यातला दोष सांगा" असं विचारतात म्हणे, आणि उत्तर द्यायचं की मी कामात फार गुंतून जातो. मी म्हटलं, तू? तर हसला. मग म्हणाला, "आजा, घरच्या शेतीचं इचारलं तं काय सांगू?"

माझ्या तोंडाशी काकांचं वाक्य आलं होतं. मी त्याला म्हटलं, "जे सांगशील ते आधी तुझ्या बापाला सांगून जा."

संध्याकाळी तो आला तेव्हा मी ओटीवरच बसलो होतो. विचारलं, "शेतीचं इचारलं का रं?"

"नाय आजा," तो बूट काढत म्हणाला. "शेती कोन इचारतंय आता?"