किल्ल्याखालचे आमेर

जयपूरला गेलेला मराठी प्रवासी आमेर पाहून आलो म्हणतो, तेव्हा त्याने आमेरचा किल्ला पाहिलेला असतो. मावठा तलावाशी गाडी थांबते, सूरजपोळातून आत शिरायचे, गणेशपोळ आणि शीशमहाल पाहायचे, की निघाली गाडी जयपूरच्या बाजाराकडे. १६६५ साली पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग इथले, हे गाईडने सांगितले की क्षणभर ओळख पटते, तेवढीच. आमेर गाव मात्र तिथेच, किल्ल्याखाली, अरवलीच्या कुशीत असते. माझे म्हणणे असे, की आमेर खालून वर पाहावे. आधी गावातली देवळे, मग राजवाडा. या क्रमाने गेले, की राजवाडासुद्धा वेगळा कळतो.

सुरुवात जगत शिरोमणी मंदिरापासून करावी. आमेरचा राजा मानसिंग आणि राणी कनकावती यांचा मुलगा जगतसिंग १५९९ मध्ये वारला आणि त्याच्या स्मरणार्थ राणीने हे देऊळ बांधवले. गल्लीतून पायऱ्या चढून गेले की कोरीव तोरण लागते आणि आत देवासमोर गरुडाचा स्वतंत्र मंडप. मीराबाईने पूजलेली कृष्णमूर्ती चितोडहून इथे आणली, अशी श्रद्धा आहे. १५७६ मध्ये हळदीघाटीत मेवाडच्या राणा प्रतापावर अकबराचे सैन्य घेऊन गेलेला सेनापती मानसिंगच. त्याच्या घरच्या देवळात मेवाडच्या सुनेचा देव आहे, असे गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. इतिहासकार या श्रद्धेची पारख करतील, करावीच. पण जिंकणे-हरणे संपल्यावर माणसांना एकमेकांचे काय जपावेसे वाटते, हे राजवाड्यातल्या आरशांपेक्षा इथे जास्त समजते.

या घराण्याचे पुरुष घरी फारसे नसतच. मानसिंग काबूलपासून बंगालपर्यंत बादशहाच्या चाकरीत फिरला. किल्ल्यातली शिलादेवी त्याने बंगालमधल्या जेसोरहून आणली, असे सांगतात. त्याला मरण आले ते १६१४ मध्ये, आपल्या विदर्भातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात. मिर्झाराजे १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात गेले. आमेरच्या दोन मोठ्या राजांचा शेवट असा दक्षिणेच्या मोहिमांत झाला, आणि त्यांची आठवण आपल्याकडे फक्त शत्रुपक्षाचे सरदार म्हणून उरली. मुलासाठी देऊळ बांधणारी कनकावती त्या आठवणीत कुठेच नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते.

गावात आणखी पुष्कळ आहे. रस्त्याच्या पातळीखाली उतरून ज्याचे दर्शन घ्यायचे तो अंबिकेश्वर महादेव, आडव्यातिडव्या पायऱ्यांचा पन्ना मीना कुंड, जुन्या हवेल्या. संघी झूताराम मंदिर मूळचे जैन. मिर्झाराजांचा मंत्री मोहनदास याने ते विमलनाथ तीर्थंकरांसाठी बांधवले. पुढे तिथे शिवलिंग आले. एकाच भिंतीत दोन परंपरांचा इतिहास आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पूर्ण सांगितला गेला पाहिजे, एकीला सोयीचा तेवढाच नव्हे.

आमेरचेच पुढचे राजे सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये सपाटीवर जयपूर वसवले आणि दरबार तिकडे गेला. वृंदावनातून आलेला गोविंददेवही पुढे नव्या शहरातल्या राजवाड्याजवळ स्थिरावला. जगत शिरोमणी आणि अंबिकेश्वर जागेवरच राहिले. राजधानी हलली की पैसा हलतो. जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही, म्हणूनही हे गाव वाचले असावे. आज पैसा पर्यटनातून परत आला आहे. राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत आमेरचा किल्ला २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, जयपूरचे तटबंदीतले शहर २०१९ मध्ये. या दोन मानाच्या जागांमधले गाव वाटेवरचे ठिकाण होऊन बसले आहे.

कोणी म्हणेल, दुर्लक्षित आहे तेच बरे, किल्ल्यावरची गर्दी या गल्ल्यांत ओतली तर देवळेही फोटोची पार्श्वभूमी होतील. धोका खरा आहे. कुंडाचे तसे झालेच आहे, तिथे आता पायऱ्या उतरू देत नाहीत. पण याचा इलाज गाव झाकून ठेवणे हा नव्हे. गाड्या बाहेर थांबवाव्यात, माणसांनी चालत यावे. मंदिरे संरक्षित करताना तिथली पूजा आणि शेजारच्या घरांतला वावर अडचण मानू नये. दगडाच्या दुरुस्तीचा निर्णय घेताना पुजारी आणि गावकरी यांना विचारले जावे, आणि किल्ल्याच्या तिकिटाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा गल्ल्यांची गटारे, पाणी आणि जुन्या हवेल्यांची छपरे यांवर खर्च व्हावा. गावात लोक राहत असतील तरच संध्याकाळी त्या देवळांत आरतीला कोणी येईल.