फ्यूज बदलला, बिघाड तिथंच
“आता तर सगळं चालू आहे, मग शोधायचं काय?” जुन्या ट्रकचा फ्यूज बदलून झाला की गॅरेजात हमखास ऐकू येणारं हे वाक्य. ते व्यवहारी वाटतं, म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. चार दिवसांनी भर पावसात, घाटाच्या वळणावर मागचे दिवे गेले, तर त्या व्यवहाराची किंमत मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मोजावी लागते. शॉर्ट म्हणजे काय आणि फ्यूज कशासाठी असतो, हे इथं सांगत बसत नाही. मला भांडायचं आहे ते एका गल्लतीशी. बिघाड थांबणं वेगळं आणि बिघाड सापडणं वेगळं. शॉर्ट कायमचा असेल तर दोन्ही एकदमच घडतं, कारण तो सापडल्याशिवाय थांबतच नाही. अधूनमधून येणारा शॉर्ट मात्र आपण काहीही न करता थांबतो, आणि त्याचं श्रेय शेवटी ज्यानं हात लावला त्याला मिळतं.

हे श्रेय किती फुकटचं असतं, याचा हिशेब करता येतो. समजा, एखादा शॉर्ट सरासरी आठ दिवसांतून एकदा येतो आणि त्याला ठरावीक वेळ नाही. गाडीला कुणी बोटही लावलं नाही, तरी पुढचे ८ दिवस विनातक्रार जाण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. म्हणजे काहीही न करणारा वायरमनही तिनांतून एकदा यशस्वी ठरेल. ही शक्यता ५ टक्क्यांपर्यंत खाली आणायची तर २४ दिवस वाट पाहावी लागते. एवढा धीर ना मालकाला असतो ना गॅरेजवाल्याला. दोन फेऱ्या नीट झाल्या की काम झालं असं दोघंही धरून चालतात.

शॉर्ट असा का येतो-जातो, याचं उत्तर ट्रकच्या बांधणीतच आहे. दिव्याला बॅटरीकडून एकच तार जाते. परतीचा प्रवाह चासीतून येतो. त्यामुळे प्रत्येक तार आपल्या वैऱ्याला खेटूनच धावत असते. पत्र्याच्या भोकातलं रबर कडक होऊन गळून पडतं, क्लिप गंजून तुटते, वायरिंगचा जुडगा सायलेन्सरच्या बाजूला लोंबतो, पुढं कलणाऱ्या केबिनच्या बिजागरीपाशी तारा वर्षानुवर्षं वाकत राहतात. तिथं आवरण घासून तांबं उघडं पडलं, की पुढचं सगळं हादऱ्यावर, उष्णतेवर आणि पाण्यावर अवलंबून. अनेक मोठ्या ट्रकना १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. घासलेल्या जागी १ ओहम अडथळा उरला तर २४ अँपिअर वाहतात आणि १५ अँपिअरचा फ्यूज जातो. पण पाणी, गंज, काजळी यांमुळे तोच अडथळा २ ओहम झाला तर १२ अँपिअरच वाहतात. त्या तारेवर दुसरा भार थोडा असेल तर फ्यूज शाबूत राहतो, आणि त्या नखाएवढ्या जागेत २८८ वॉट उष्णता तयार होत राहते. फ्यूज उडाला नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नाही. त्यात कुणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवली असेल, तर जळेल ती वायरिंगच. शिवाय आपल्याकडे कितीतरी ट्रक कारखान्यातून नुसती चासी म्हणून बाहेर पडले आणि त्यांची बॉडी नामक्कलसारख्या गावांत बांधली गेली. नंतर मालकागणिक हॉर्न, टेप, शोभेचे दिवे चढत गेले. अशा गाडीत मूळ आराखड्यातल्या तारांच्या रंगांवर भरवसा ठेवता येत नाही.

मग शोधायचं कसं? बिघाड परत येण्याची वाट पाहू नये, त्याला यायला भाग पाडावं. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी हेडलाइटचा २४ व्होल्ट, ७० वॉटचा बल्ब जोडावा आणि त्या वाटेवरचे दिवे काढून ठेवावेत. आता शॉर्ट झाला तर बल्ब लख्ख पेटतो आणि प्रवाह ३ अँपिअरच्या पुढं जात नाही, म्हणून तार जळत नाही. मग जुडगा हलवा, स्टिअरिंग फिरवा, केबिन कलवा, पाणी मारा. बल्ब पेटला की मधला जोड सोडा: विझला तर दोष जोडाच्या पुढं, तसाच राहिला तर अलीकडं. दर खेपेला शोधायची जागा निम्मी होते. याहून सुंदर एक जुनी युक्ती आहे. १८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडनं दाखवून दिलं, की तारेतून प्रवाह वाहिला की जवळची चुंबकसुई हलते. फ्यूजच्या जागी आपोआप तुटणारा-जुळणारा ब्रेकर लावून होकायंत्र वायरिंगवरून सरकवत नेलं, तर प्रत्येक झटक्याला सुई उडी मारते आणि शॉर्टची जागा ओलांडताच स्वस्थ होते. लोखंडी चासीमुळे सुई उत्तर दाखवत नाही. पण आपल्याला उत्तर दिशा नको, उडी हवी असते. ओहमचा नियम १८२७ सालचा, म्हणजे त्याही नंतरचा. इतकी जुनी विद्या हाताशी असताना अंदाजानं टेप गुंडाळत बसणं मला सहन होत नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो: “शोधत बसण्यापेक्षा सगळी वायरिंग नवी टाका.” उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही, भाडं बुडतं आणि मालक सामानाचे पैसे देतो पण शोधण्याच्या तासांचे देत नाही, हे खरं आहे. पण नवी तार त्याच भोकातून, त्याच धारदार कडेवरून गेली, तर मूळ दोष जागच्या जागी राहिला, फक्त त्याला घासायला नवं आवरण मिळालं. इथपर्यंत आक्षेप मला साफ अमान्य आहे. तरीही त्यातला एक भाग खोडता येत नाही. ज्या गाडीत तार वाकवली की आवरण तडकतं, तिथं एक शॉर्ट सापडला म्हणजे दुसरा टळला असं नाही. अशा गाडीत एकच जागा शोधून तिला टेप लावणं हीसुद्धा फसवणूकच. म्हणजे आधी शोध आणि मग बदल, हा माझा आग्रह सगळीकडे टिकत नाही. काही गाड्यांत बदल आधीच करावा लागेल, पण शोध सुटत नाही. काढलेला जुडगा भंगारात जाण्यापूर्वी उभा चिरून बघितला पाहिजे. काळवंडलेलं तांबं, वितळलेलं आवरण जिथं दिसेल, त्याच्या समोरची चासीवरची जागा गाठून ती कड कानसून तिथं रबर बसवलं पाहिजे. असं केलं तर बदलसुद्धा शोधाचंच काम करतो, आणि ट्रकही कमी वेळ उभा राहतो.

म्हणून ट्रकमालकांना सांगणं एवढंच, की शोधण्याच्या वेळेची मजुरी वेगळी द्या आणि काढलेल्या तारा मागून घ्या. बिलावर नुसतं ‘वायरिंग बदलली’ असं लिहिलं असेल, तर ती कुठं घासत होती ते विचारा, आणि ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी रात्रीच्या फेरीवर पाठवू नका.