खालचा सूर

आमच्या घरात ज्या वस्तूंची बिलं माझ्या नावावर आहेत त्या सगळ्या दुसरेच वापरतात. फ्रिज सौभाग्यवतींचा, टीव्ही चिरंजीवांचा आणि आरामखुर्ची तर सरळसरळ पाहुण्यांची. सर्वस्वी माझी म्हणावी अशी एकच वस्तू आहे, बेस गिटारचा कॉम्बो अँप्लिफायर. निदान परवापरवापर्यंत माझा तसा समज होता.

कॉम्बो म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं. कारण शाखेत मी हा शब्द उच्चारला तेव्हा आमच्या कॅशियरनी, "इडली-वडा की वडा-डोसा?" असं विचारलं होतं. आवाज वाढवणारं यंत्र आणि तो बाहेर फेकणारा स्पीकर हे दोघे वेगळं बिऱ्हाड न करता एकाच पेटीत संसार करतात तेव्हा तिला कॉम्बो म्हणतात. माझ्या पेटीत 15 इंची स्पीकर आहे, ताकद 100 वॅट आणि वजन 28 किलो. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून ती मी जुन्यात घेतली. इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर पेटी टेकवून हमालाने घाम पुसला आणि विचारलं, "साहेब, आत देव आहे का?"

100 वॅट ऐकून लोक दचकतात. पण आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे 10 वॅटच्या पेटीपेक्षा माझी पेटी जेमतेम दुप्पट. ठेव दहापट आणि व्याज दुप्पट अशी योजना आमच्या बँकेने काढली तर काउंटरच्या काचा शिल्लक राहणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, कारकुनाला हा नाद कुठून लागला? कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवत असे. गाणाऱ्याला टाळ्या, ढोलकीवाल्याला शिट्ट्या आणि बेसवाल्याला कार्यक्रमानंतर उरलेले बटाटेवडे. त्याचं स्थान शाखेतल्या टाळेबंद जुळवणाऱ्या माणसासारखं असतं. असतो तोवर कुणाला दिसत नाही, नसला की काहीच जुळत नाही. शिवाय या पेटीच्या कुळातच एक हिशेबनीस आहे. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांचं शिक्षण हिशेबाचं, नोकरी खतावण्यांची. मंदीत ती गेली म्हणून 1938 मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. पुढे 1951 मध्ये त्यांनी बेस गिटार बाजारात आणली आणि 1952 मध्ये तिच्यासाठी 'बासमन' नावाची पेटी. आणि हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवायला कधी शिकलेच नाहीत! शिवाय बेसवाल्यांसाठी केलेली ती पेटी पुढे साध्या गिटारवाल्यांनीच पळवली. वस्तू कुणासाठी केली आणि कुणी वापरली याचा मेळ तिथेही बसत नाही.

तर माझा रोजचा रियाज संध्याकाळी सात ते साडेसात. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मी नियम वाचूनच सुरुवात केली होती. 2000 सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45. मोबाइलवर मोजलं, 54 आले. कायदा खूश, मी खूश.

यातली मेख मला फार उशिरा कळली. कायद्याचं माप माणसाच्या कानासारखं ऐकतं आणि कानाला खर्जातले सूर कमी ऐकू येतात. म्हणून 40 हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून ते माप चांगले 34 डेसिबल वजा करतं. माझी सगळ्यात जाड तार वाजते 41 हर्ट्झला! म्हणजे कायद्याने मला भरघोस सूट दिली होती. पण त्या सुराची एकेक लाट 27 फुटांची असते आणि आमचा हॉल 14 फुटांचा. पाहुणा घरात मावला नाही की शेजाऱ्यांकडे झोपायला जातो, तसा तो सूर भिंतींतून आणि लादीतून शेजारी जातो.

आमच्या खाली नाना राहतात. वय 78, एकटेच. दोन वर्षांत त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. मागच्या महिन्यात त्यांचं विजेचं बिल चुकून आमच्याकडे आलं, ते द्यायला मी पावणेसातला खाली गेलो. दार उघडंच होतं. नाना स्टुलावर बसून काचेच्या कपाटातल्या कपबशांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते.

"हे काय नाना?"

"ये, ये. सातला तुझं सुरू होतं ना, मग ह्या वाजतात. हिने हौसेने जमवलेला सेट आहे, एखादी तडकायची उगाच."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"त्यात सांगायचं काय? घर तुझं, वेळ दिवेलागणीची. दहाच्या आत बंद करतोस, आणखी काय पाहिजे?"

घड्यांचे कागद पिवळे पडले होते. रोज सायंकाळी घालायच्या आणि रात्री काढून ठेवायच्या, अशा मुरलेल्या घड्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत आम्ही खातेदाराला उतारा पाठवतो आणि हरकत आली नाही की शिल्लक बरोबर धरतो. मी नानांच्या मौनाचा तोच अर्थ लावला होता. पण जमाखर्चाचा पहिलाच धडा मी विसरलो होतो, नावे पडल्याशिवाय जमा होत नाही. माझ्या खाती रोज अर्धा तास आनंद जमा होत होता आणि तेवढा खर्च खाली एका कपाटात नावे पडत होता, खातेदाराच्या सहीशिवाय. जो भांडतो त्याचा हक्क सांभाळायला नियम आहेत, सोसायटी आहे, पोलीस आहेत. जो भांडत नाही त्याचा हक्क कुणी सांभाळायचा? वाजवणाऱ्यानेच ना?

दुसऱ्या दिवसापासून मी हेडफोन लावला. 28 किलोची पेटी आणि आवाज दोन कानांच्या भोकांत! "हत्ती पाळायचा आणि त्याच्याकडून चिठ्ठ्या पोचवायच्या," सौभाग्यवती म्हणाल्या. चौथ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात नाना, धापा टाकत.

"बरा आहेस ना रे? चार दिवस झाले, मी आपला कागद घालून वाट बघतोय."

सात वाजले की वर कुणीतरी आहे, हेही त्या आवाजाने त्यांच्या खाती जमा होत होतं. हे मला कुठल्या मापाने कळणार होतं? मी त्यांना विचारलंच नव्हतं. वाजवताना नाही आणि बंद करतानाही नाही.

आता आमचा करार झाला आहे. बुधवारी आणि रविवारी पेटी, एरवी हेडफोन. पावणेसातला मी खाली जाऊन घड्या घालतो, चहा पितो आणि मग वर येऊन वाजवतो. एक बशी मात्र नाना मुद्दाम मोकळी ठेवतात. या वेळी मी शहाण्यासारखं लगेच कारण विचारलं.

"तू वाजवायला लागलास की नुसता सूर जुळवतोयस, ते कळावं म्हणून," नाना म्हणाले.

"मग? काय कळलं?"

"अजून जुळवतोच आहेस."