फळ खाणाऱ्या पक्ष्याचा कॅमेरा

लॅरी क्लार्क (जन्म १९४३) हा अमेरिकी छायाचित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात त्याची आई घरोघर जाऊन तान्ह्या मुलांचे फोटो काढायची. पोरवयातच क्लार्कही या धंद्यात आला. रडक्या बाळाला हसवायचे आणि ते हसले की बटण दाबायचे, ही त्याची पहिली शिकवणी. सोळाव्या वर्षापासून तो मित्रांबरोबर ॲम्फेटामाइन शिरेत टोचून घेऊ लागला. म्हणजे नशेच्या त्या खोल्यांत तो फोटो काढायला म्हणून गेलेला नव्हता. तो तिथलाच होता, कॅमेरा तिथे मागाहून आला. त्याच्याविषयीचा पुढचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. पाहणारा तो साक्षी. त्याला कर्म चिकटत नाही. छायाचित्रकाराला आपण बहुधा या दुसऱ्या पक्ष्याची फांदी देऊन टाकतो. क्लार्कचे म्हणणे उलटे होते. आपण फळ खाणाऱ्यांपैकी आहोत, म्हणूनच आपले पाहणे खरे.

‘टल्सा’ (१९७१) हे त्याचे पहिले पुस्तक याच भूमिकेवर उभे आहे. त्यात १९६३ पासूनची कृष्णधवल छायाचित्रे आहेत. मधली काही वर्षे तो लष्करात, व्हिएतनाममध्ये होता. एका चित्रात खिडकीपाशी बसलेली गरोदर बाई दंडात सुई घेताना दिसते. उजेड इतका मऊ, चौकट इतकी शांत, की सुईकडे लक्ष जायला क्षणभर वेळ लागतो. याच पुस्तकात तान्ह्या बाळाची शवपेटीही आहे. तिच्याविषयी मजकूर काही नाही. बाळांना हसवून पोट भरणाऱ्या घरातल्या मुलाने हे टिपले आहे, हे ठाऊक असले की पान उलटायला हात धजत नाही.

तिच्या हातातली सुई काढून का घेतली नाही, हा प्रश्न इथे येणारच. ती माझ्याही दंडात होती, हे पुस्तकातून मिळणारे उत्तर. ते प्रामाणिक आहे, पण अर्धेच आहे. सहभागी असल्यामुळे ढोंगाचा आरोप टळतो. जबाबदारी टळत नाही. दृष्टान्तात सुटतो तो पाहणारा पक्षी, खाणारा अडकतो. क्लार्कला खाणाऱ्याचा अधिकार हवा होता आणि पाहणाऱ्याची सुटकाही.

चित्रपटात ही फट रुंदावली. १९९५ साली ‘किड्स’ आला तेव्हा क्लार्क ५२ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधल्या स्केटबोर्डवाल्या पोरांत तो मिसळला, त्यांच्याबरोबर राहता यावे म्हणून त्या वयात स्वतः स्केटबोर्ड शिकला. पटकथा लिहून घेतली हार्मनी कोरीन या पोरसवदा मुलाकडून. एका दिवसाची गोष्ट: एका मुलीला आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळते आणि ज्याच्याकडून ती झाली त्या मुलाला ती शहरभर शोधत राहते. चित्रपटाची वितरक मिरामॅक्स तेव्हा डिस्नेच्या मालकीची होती. त्यामुळे चित्रपट वेगळी कंपनी काढून, मानांकनाशिवाय प्रदर्शित करावा लागला. कुणी त्याला पालकांचे डोळे उघडणारा म्हटले, तर कुणी कोवळ्या वयाचा बाजार. क्लोई सेविन्यी आणि रोसारियो डॉसन यांची कारकीर्द इथून सुरू झाली. त्यांच्याबरोबर चित्रपटात असलेले जस्टिन पियर्स (२०००) आणि हॅरल्ड हंटर (२००६) मात्र लवकर गेले. त्याचा ठपका चित्रपटावर ठेवता येत नाही. पण त्या कंपूतल्या काहींनी पुढे एका माहितीपटात, आमच्या जगण्यातून कुणाला काय मिळाले, असे उघड विचारले.

हा प्रश्न रास्त आहे. टल्सात क्लार्क मित्रांच्याच वयाचा, त्यांच्याच नशेतला होता. इथे तो वयाने कितीतरी मोठा, आणि काम देणारा. शिवाय फोटो म्हणतो ‘हे घडले’. सिनेमात ते घडवलेले असते, लिहून, तालीम करून, पुन्हा पुन्हा. झाडावर आता तो फळ खाणारा राहिला नव्हता, आणि नुसता पाहणाराही नव्हता.

फ्लोरिडातल्या एका खऱ्या खुनावरचा ‘बुली’ (२००१) पुष्कळांना पचला. एडवर्ड लाखमनबरोबर केलेल्या ‘केन पार्क’ला (२००२) मात्र ऑस्ट्रेलियात प्रमाणपत्र नाकारले गेले आणि २००३ मध्ये निषेध म्हणून सिडनीत ठेवलेला खेळ पोलिसांनी थांबवला. बंदीने कुणी पाहायचे ते ठरवले. मूळ वाद कुणी, कोणत्या नात्याने दाखवायचे याचा होता, आणि त्याला कायद्याचा हात पोचत नाही. २०१० साली पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात क्लार्कचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा शहराच्या प्रशासनाने अठराखालच्यांना प्रवेशबंदी केली. भिंतीवरच्या बऱ्याच मुलांचे वय त्याहून कमी होते.