करार कुणाला बांधतो?

१९८० साली निफाड तालुक्यातल्या खेरवाडीत आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा मागणी ऊस-कांद्याच्या रास्त भावाची होती. परदेशांशी होणारे करार त्या भांडणात कुठेच नव्हते. पुढे नव्वदच्या दशकात त्याच आंदोलनाचे नेते शरद जोशी जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले, आणि अनेकांना धक्का बसला. परदेशी माल येऊन शेतकरी बुडेल, अशी तेव्हा सार्वत्रिक भीती होती. जोशींचा रोख मात्र शेतमालाचे भाव पाडणाऱ्या आपल्याच सरकारी धोरणांवर होता. करार समोरच्या देशाइतकाच आपल्या सरकारलाही बांधू शकतो, ही शक्यता मला त्या भूमिकेत दिसते.

द्राक्षांनी या विचारात भर घातली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यावरून युरोपात आपले कंटेनर अडकले. आयातशुल्काचा तिथे संबंधच नव्हता. घाव मोठा होता, पण नियम कळल्यावर तपासणीच्या यादीत रसायनांची भर पडली, फवारणीच्या नोंदी काटेकोर झाल्या आणि द्राक्षं पुन्हा युरोपात जाऊ लागली. कडक नियमाशी जुळवून घेता येतं. रातोरात बदलणाऱ्या नियमाशी कसं जुळवून घेणार?

कांद्याच्या वाट्याला असेच नियम आले. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क मात्र १ एप्रिल २०२५ लाच संपलं. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे, त्यात सामील असलेला बांगलादेश आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक राहिला आहे. तरी यातलं काही थांबलं नाही. त्याआधी २०१९ मध्येही कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत एवढंच सुचवलं होतं, की आधी थोडी कल्पना द्यायला हवी होती. पुढच्याच वर्षी पुन्हा अचानक बंदी आली आणि ट्रक सीमेवर खोळंबले. बांगलादेशने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडून कांदा घेतला. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचं मोल अशा निर्णयांनी एका दिवसात घसरतं.

भाव चढले की शहरातल्या ग्राहकाची होणारी अडचण खोटी नाही. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार करारातलं अकरावं कलमही अन्नटंचाईत तात्पुरती निर्यातबंदी मान्य करतं. पण जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचं बारावं कलम अशा बंदीआधी शक्य तितक्या लवकर लेखी सूचना मागतं. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे. मात्र ज्या अन्नपदार्थाचा देश निव्वळ निर्यातदार असेल, त्यापुरती नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, आणखीही होतील. त्या प्रत्येकात ही पूर्वसूचना ठरावीक दिवसांची आणि बंधनकारक असावी, आणि सौदा होऊन निघालेला माल बंदीतून वगळला जावा. लासलगावच्या कांदा उत्पादक शेतकऱ्याला एखाद्या टक्क्याच्या शुल्कसवलतीपेक्षा याची गरज अधिक आहे.