ज्यांस मत नाही त्यांच्या वतीने

विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस आले म्हणजे गावच्या पारावर दोन प्रकारचे उमेदवार दिसू लागतात. एक म्हणतो, "मला निवडून द्या, चोरदरोडेखोरांस अशी शिक्षा देववीन की ते पुन्हा डोके वर काढणार नाहीत." दुसरा म्हणतो, "गरीब माणसे निकालावाचून तुरुंगात खितपत आहेत, त्यांस न्याय मिळावा." टाळ्या बहुधा पहिल्यास मिळतात. ह्या दोघांस विचारी मतदाराने कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम आमदाराच्या हाती काय आहे ते पाहावे. आपल्या राज्यघटनेने पोलीस व तुरुंग हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. परंतु कोणत्या गुन्ह्यास किती शिक्षा, हे बहुतांशी संसदेच्या कायद्याने ठरते. तेव्हा कडक शिक्षेचे वचन देणारा उमेदवार पुष्कळदा दुसऱ्याच्या कणगीतले धान्य वाटीत असतो. ठाण्यात गरिबाची फिर्याद नोंदली जाते की नाही, तुरुंगात जागेपेक्षा अधिक माणसे कोंबली आहेत की काय, ह्याचा सरकारास जाब विचारणे हे मात्र त्याचेच काम होय.

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारताच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदिवान होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे होते. चारांतील तीन! त्यांत काही खरोखर अपराधी असतील. पण ते कोण, हे न्यायालयाने सांगावयाचे आहे. फेलिक्स सुभेदाराने लाचेच्या आशेने पौलास दोन वर्षे निकालावाचून बंदीत ठेविले, हे आपण मुलांस शिकवितो. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात असे किती आहेत, हे आपण कधी विचारले आहे काय?

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तीप्रमाणे पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा कोठडीत काढला, तर त्यास बंधपत्रावर सोडावयाचे आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी ह्यांतून वगळले आहेत. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचे कर्तव्य होय. "आमच्या जिल्ह्यात असे अर्ज होतात काय?" असे दोन्ही उमेदवारांस विचारावे. उत्तरावरून माणूस कळेल.

कोणी म्हणेल, "ज्या विधवेची शेळी चोरीस गेली, तिचे काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु खटला रखडला म्हणजे तीही न्यायावाचूनच राहते. तिचे अश्रू पुढे करून दुसऱ्या गरिबास विसरावयास लावणारा उमेदवार तिचाही कैवारी नव्हे.

आणखी एक कठीण प्रश्न उरतो. २००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवारास आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रात सांगावे लागतात. आरोप म्हणजे दोष नव्हे, असे कच्च्या कैद्याविषयी म्हणणारे आपण, खटला चालू असलेल्या उमेदवारास मात्र टाळावे काय? आम्हांस वाटते, ह्यात विसंगती नाही. स्वातंत्र्य हा हक्क आहे, अधिकारपद ही ठेव आहे. संशय असता ठेव देण्याचे लांबविता येते. हक्क मात्र केवळ संशयावरून वर्षानुवर्षे अडकवून ठेविता येत नाही. तथापि आरोप कोणता, हे वाचल्यावाचून कोणासही दोषी म्हणू नये.

१९५१ च्या कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्यास मत देता येत नाही. कच्च्या कैद्यासही नाही. म्हणून कोणताही उमेदवार त्याच्या दाराशी हात जोडून उभा राहत नाही. त्याची बाजू मतपेटीपर्यंत पोहोचलीच, तर ती आपल्याच हातून पोहोचेल. मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडताना एवढे स्मरणात असावे.